डब्यावरचं नाव

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. लेबर डे. सकाळी ९.४०

नवी वही. शिवण स्वतः घातली, जपानी पद्धतीची, चार भोकांची. पहिल्या पानावर नोंद असावी म्हणून, आजवर या दोन हातांनी केलेल्या वस्तू:

जेवणाचं टेबल, अक्रोडाचं. एका पायाखाली पुठ्ठा आहे, पण तो दोष जमिनीचा. सियाचा बंक बेड. ती मोठी झाल्यावर त्याचीच दोन बुकशेल्फं. गॅरेजमधलं वर्कबेंच. परसातलं तुळशीवृंदावन. सुवर्णासाठी पोळपाट (वापरात नाही, जड आहे म्हणते). मंडळाच्या गणपतीचं मखर, सलग सहा वर्षं. आणि जपानी भाषा. ती वस्तू नव्हे, पण तीही हातानेच केली आहे. अकरा वर्षं, अठ्ठावीस वह्या, क्लास नाही, मास्तर नाही.

मला कुणी काही शिकवलेलं नाही. डिप्लोमा मेकॅनिकलचा, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, सांता क्लारात तेवीस वर्षं. लोकांच्या चुका शोधतो आणि त्याचा पगार घेतो.

मुद्दा. परवा मंडळाचा गणपती झाला. काल इन्स्टाग्रामवर 'मंडळाची किसणी' या निनावी अकाउंटची पोस्ट. हे अकाउंट मार्चपासून मंडळाचे कार्यक्रम किसतं. आजवर मी वाचून हसत असे. कालची पोस्ट जशीच्या तशी: "यंदाचं मखर बघून बाप्पाला एअरपोर्टवर सिक्युरिटी चेकला थांबल्यासारखं वाटलं असेल. आणि कोपरे एकमेकांशी बोलत नव्हते."

सिक्युरिटी चेकचं मी सोडून देईन. कोपरे मी पंचेचाळीस अंशांत कापले होते. अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

लाइक्स २१४. त्यात सुवर्णाचा भाऊ.

मंगळवार, २ सप्टेंबर

निश्चय: दुर्लक्ष करायचं. मोठ्या मनाने.

मंगळवार, २ सप्टेंबर. संध्याकाळी ७.१०

जपानी नेटवर एक शब्द आहे, तोकुतेई. एखादा निनावी माणूस नक्की कोण, हे ठरवून टाकणं. असं करणाऱ्यांच्या टोळीला म्हणतात तोकुतेई-हान. फोटोत खिडकीबाहेर दिसणाऱ्या विजेच्या खांबावरून ही मंडळी घर कुठलं ते सांगतात. उघडं पडणं म्हणजे मीबारे. आणि उघडं पाडणं म्हणजे सारासू. त्याचा मूळ अर्थ उन्हावाऱ्यावर टाकणं, आपण कुरडया टाकतो तसं.

शब्द सुवर्णाला समजावून सांगितले. ती म्हणाली, छान आहेत, कचरा बाहेर ठेवलात का?

किसणी दर पोस्टखाली स्वतःच्या ओट्यावरच्या खाऊचा फोटो टाकते. एकूण फोटो २३. सूड म्हणून नव्हे, जपानीचा सराव म्हणून बघायला हरकत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर. दुपारी २.२५

सापडलं.

फोटो क्रमांक २३, म्हणजे माझ्या मखराखालचाच. चहाचा कप, चार चकल्या, मागे उभं ठेवलेलं स्टीलच्या डब्याचं झाकण. झाकणाची आतली बाजू आपल्याकडे. पण पलीकडे ओव्हनची काळी काच, आणि काचेत झाकणाची बाहेरची बाजू. चित्र मोठं केलं, उलटं केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला. भांड्यांच्या दुकानात मशीनने ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून देतात, तसं नाव. चार तास लागले. 'नेत्रा'.

मंडळाच्या डिरेक्टरीत ३१२ कुटुंबं. नेत्रा एकच.

नेत्रा म्हणजे सिद्धेशची बायको, नागपूरची. दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेते, फुकट. सिया तिथे लहान मुलांना मदत करायला जाते. नेत्रा मला सुमंतदादा म्हणते. गोड बोलते. असेच असतात.

रविवार, ७ सप्टेंबर

एका पुराव्यावर मी कधीच बग नोंदवत नाही. म्हणून आणखी जमवले. किसणीचं शुद्धलेखन बिनचूक आहे, नेत्रा शिक्षिका. फोटोतलं ऊन पश्चिमेचं. नेत्राच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधून सहज फिरायला गेलो, तिची बाल्कनी कंपासवर २६८ अंश. सहज परत आलो.

एक गोष्ट बसत नाही. फोटोतला ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि त्या कॉम्प्लेक्समध्ये ग्रॅनाइट नाही. पण हल्ली ग्रॅनाइटसारखा दिसणारा चिकटकागद मिळतो. तशी नोंद अहवालाच्या कच्च्या प्रतीत पान ७ वर केली.

खात्री: ९४ टक्के.

मंगळवार, ९ सप्टेंबर. संध्याकाळी ६.००

अहवाल तयार. नऊ पानं, पीडीएफ, आठ आकृत्या, शेवटी जपानी संज्ञांची सूची. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. भाषा संयमित ठेवली. नाव फक्त पान ४ आणि पान ९ वर.

६.२०. कुमार यांचा फोन. ते मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा वेद बालनाट्यात झाड झाला होता आणि किसणीने लिहिलं होतं की सगळ्यांत कमी अभिनय झाडाने केला म्हणून बक्षीस झाडाला द्यावं. कुमार म्हणाले, धारपसाहेब, तुम्ही तर कमालच केलीत, पोर दोन दिवस रडत होता हो.

मला बरं वाटलं. हे वैयक्तिक नव्हतंच. मी वेदसाठी केलं.

बुधवार, १० सप्टेंबर

नेत्राने ग्रुपवर लिहिलं: "ती मी नाही. हा डबा माझ्या लग्नातला आहे, पण कित्येक महिने मी तो पाहिलेला नाही." खाली कुणीतरी टाळ्या वाजवणारं माकड टाकलं. मग ती ग्रुप सोडून गेली.

गुन्हेगार आधी नाकारतोच. हे तोकुतेईच्या मंचांवरही लिहिलेलं असतं.

सिया जेवायला खाली आली नाही. जिन्यातूनच ओरडली, बाबा, यू डॉक्स्ड माय टीचर. मी सांगितलं की जपानीत याला तोकुतेई म्हणतात आणि त्याला एक परंपरा आहे. तर म्हणाली, इट्स नॉट अ मार्शल आर्ट, बाबा.

रविवार, १४ सप्टेंबर

मराठी वर्गात चौदा मुलं असतात. आज तीन आली. सियाने सांगितलं, मला नव्हे, आईला, माझ्यासमोर. वेदची आई म्हणे दारातून मुलाला परत घेऊन गेली, नेत्राकडे न बघता.

नेत्रा डिपेंडंट व्हिसावर आहे. नोकरीची परवानगी नाही. आठवड्यातून दोन तास तिचे स्वतःचे, ते हे. हेही सियाने आईला सांगितलं. टेबल छोटं आहे, सगळं ऐकू येतं.

तरीही चूक ती चूक. लिहिताना विचार करायला हवा होता तिने.

सोमवार, १५ सप्टेंबर. सकाळी ११.००, ऑफिस

हायाशी-सान आमच्याच मजल्यावर बसतात. माझं जपानी ऐकून नेहमी 'जोझु देसु ने' म्हणतात, म्हणजे छान येतं हो तुम्हाला. आज त्यांना विचारलं, तोकुतेई-हानबद्दल तुमच्याकडे काय मत आहे. त्यांनी कॉफी खाली ठेवली. इंग्लिशमध्ये विचारलं, कुणाचं केलं? मी म्हणालो, विशेष कुणाचं नाही, एका शिक्षिकेचं. बरोबर होतं का? चौऱ्याण्णव टक्के, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, चुकलं तरी ते लोक परत जाऊन बघत नाहीत.

जोझु वगैरे काही म्हणाल्या नाहीत आज.

मंगळवार, १६ सप्टेंबर. संध्याकाळी ८.०५

सुवर्णाने आज पहिल्यांदा अहवाल उघडला. पान ४ वर थांबली. म्हणाली, अहो, हा डबा मे महिन्यापर्यंत आपल्याकडे होता.

मी म्हणालो, शक्य नाही.

ती म्हणाली, गेल्या दिवाळीत नेत्राने यातून चिवडा पाठवला होता. तुम्हीच संपवलात. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून मी ठेवला, काहीतरी करून भरून देऊ म्हणून. मग मेमध्ये प्रीताची आई आली पुण्याहून, तेव्हा घाईत याच डब्यातून अनारसे दिले तिला. झाकणावर कडेला पोचा आहे बघा. तुमच्या त्या टेबलावरून घसरून पडला होता.

बघितलं. पोचा आहे. आकृती ३ मध्ये मी त्याला 'प्रकाशाचा परिणाम' म्हटलं आहे.

सुवर्णाने अहवाल बंद केला. मग म्हणाली, अकरा वर्षं जपानी शिकलात. मराठी घरातले डबे कसे फिरतात, एवढं एक शिकायचं राहिलं तुमचं.

बुधवार, १७ सप्टेंबर

झोप नाही. सकाळी दाढी करताना कापलं.

खात्री: ० टक्के. आकडा तरी अचूक.

निश्चय: उद्या ग्रुपवर एक ओळ टाकायची. माझी चूक झाली, नेत्राचा संबंध नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ओळ टाकली नाही. कारण आहे. नुसतं 'चूक झाली' म्हटलं तर लोक म्हणतील, मग कोण? अर्धवट बग रिपोर्ट परत येतो. आधी खरा माणूस शोधायचा, मग दोन्ही एकदम जाहीर करायचं. नेत्रा सुटेल आणि पद्धतही सिद्ध होईल. पद्धत चुकीची नव्हती. माहिती अपुरी होती.

शनिवार, २० सप्टेंबर. दुपारी १२.३०

प्रीताकडे गेलो. ती कपर्टिनोत राहते, सुवर्णाची मैत्रीण. ड्रिल मशीन मागायला आलो म्हणालो. ती म्हणाली, सुमंतदादा, मागच्या महिन्यात तुम्हीच मला ड्रिल मशीन विकत घेऊ नको, माझं घेऊन जा म्हणालात. मग बसवून पोहे दिले. पोहे खाता खाता विषय डब्यावर आणला. तिने लगेच सांगितलं: डबा? तो गेला की वसुधाकाकूंकडे. जुलैत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मुगाचे लाडू नेले होते. का हो?

काही नाही म्हणालो. निघताना तिने दुसरा एक डबा हातात दिला, सुवर्णासाठी मेतकूट. या डब्यावर नाव 'उर्वी'. ही उर्वी कोण हे प्रीतालाही माहीत नाही.

घरी येऊन आपल्या कपाटातले स्टीलचे डबे बघितले. एकोणीस. आमच्या नावाचे सहा.

रविवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी ५.४५

वसुधाकाकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. भूलतज्ज्ञ होत्या, चौऱ्याहत्तर साली इथे आल्या, मंडळ त्यांनीच सुरू केलं. काका गेल्यापासून साराटोगाच्या मोठ्या घरात एकट्या. ओटा ग्रॅनाइटचा. खिडकी पश्चिमेची. डबा गॅसशेजारी, चकल्यांनी भरलेला.

मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ये रे सुमंता, किसणी मीच. कालच मुलीकडून सिएटलहून आले, आज तुझा तो ग्रंथ वाचला. चहा घेणार?

मी विचारलं, काकू, तुम्ही? असं निनावी?

त्या म्हणाल्या, पन्नास वर्षं लोकांना भूल दिली, आता जरा जागं ठेवते. माझ्या नावाने लिहिलं तर सगळे नमस्कार करून गप्प बसतील. आणि तुझ्या मखराचं म्हणशील तर पूर्वी मला छान दिसायचं. डोळे झाल्यापासून कोपरे दिसायला लागले.

मी कोपऱ्यांच्या अंशांबद्दल सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, नेत्राला मी आत्ता फोन करते, ते माझं मी बघते. पण मंडळासमोर आधी तू बोलायचंस. लिहिलं मी, त्या पोरीचं नाव तू घेतलंस. चार तारखेला कोजागिरी आहे. तेवढी मुदत.

मी म्हणालो, तुम्हीच आधी सांगितलंत तर माझं आपोआप...

त्या म्हणाल्या, आपोआप काही नाही.

चकल्या दिल्या. नेत्राच्याच डब्यातून. म्हणाल्या, डबा तूच भरून नेऊन दे तिला. मी निघालो. डबा आता माझ्या गाडीत आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

म्हणजे आता नेत्राला माहीत आहे की मला माहीत आहे. काकूंचं नाव ती कुणाला सांगत नाही. ग्रुपवर लोक लिहितात, बघा, पकडल्यापासून किसणीची पोस्ट नाही. याहून काय पुरावा हवा.

मी लाइक केलं नाही. एवढं तरी.

शनिवार, २७ सप्टेंबर

बोलणं हे माझं माध्यम नाही. मी हातांचा माणूस. नेत्राच्या वर्गासाठी घडीचा फळा करायला घेतला. पाइनची चौकट, काळ्या रंगाचे तीन हात, मागे खडूचा खण. हे बघितल्यावर तिला सगळं कळेल. शब्दांपेक्षा हे बरं.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी १०.१५

फळा घेऊन वर्गाच्या जागी गेलो. दाराला कुलूप. सियाला फोन केला. म्हणाली, देअर इज नो क्लास, बाबा. लास्ट वीक एकच मुलगा आला होता, आणि तो पण चुकून.

फळा तिच्या अपार्टमेंटच्या दाराशी ठेवून आलो. चिठ्ठी लिहिणार होतो. पेन नव्हतं. होतं, पण रिफिल संपत आलेलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

ऑफिसहून आलो तर फळा आमच्या गॅरेजसमोर. सिद्धेश ठेवून गेला म्हणे. सुवर्णाने त्याला आत ये म्हटलं, तो म्हणाला, नको वहिनी, ऑफिसचा कॉल आहे. सव्वासहाला कसला कॉल.

चौकटीचे कोपरे तपासले. एक जरा उघडला आहे. वाहतुकीत झालं असेल.

शनिवार, ४ ऑक्टोबर. रात्री ९.५०

कोजागिरी. भाषण पाठ केलं होतं, तीन मिनिटं दहा सेकंद. आरशासमोर चार वेळा. मसाला दुधानंतर कुमार यांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? मी उठलो. माइक घेतला. साधारण एकशेऐंशी माणसं. काकू पहिल्या रांगेत, हात मांडीवर. नेत्रा नव्हती.

मी म्हणालो, पांढरी होंडा, नंबर शेवटी चार-सात-दोन, मागच्या गेटला अडवून उभी आहे, कृपया काढावी.

खरंच अडवून उभी होती. प्रीताच्या नवऱ्याची. तो काढायला गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकू दूध न पिता गेल्या.

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी ८.३०

काकूंनी ग्रुपवर लिहिलं. "मंडळाची किसणी मी, वसुधा. नेत्राचा काही संबंध नाही. तिचा डबा माझ्याकडे आला होता इतकंच. त्या पोरीची तुम्ही सगळ्यांनी माफी मागा."

९.३०. बदाम १४३. काकू, तुम्ही भारीच! काकू, आम्हाला पण किसा ना! कुमार यांनी लिहिलं, काकू यू आर अ रॉकस्टार, वेद इज सो प्राउड टु बी युअर ट्री. झाडाचा तोच विनोद. तेव्हा दोन दिवस रडला होता तो.

११.००. अजून कुणी नेत्राचं नाव घेतलेलं नाही. माझंही नाही. माझ्या अहवालाबद्दल एक अक्षर नाही. सुटलो.

११.०५. सुटलो हा शब्द मी आधी कधी, कशासाठी वापरला होता ते आठवत बसलो. आठवलं नाही. चहा गार झाला.

शनिवार, ११ ऑक्टोबर. दुपारी ४.००

नेत्राकडे गेलो. डबा करंज्यांनी भरून. करंज्या सुवर्णाच्या, पण भरल्या मी. सिद्धेशने दार उघडलं आणि आतल्या खोलीत गेला. ओटा बघितला. साधा पांढरा लॅमिनेट. कुठेही चिकटकागद नाही.

मी म्हणालो, नेत्रा, सॉरी. माझी चूक झाली.

ती म्हणाली, हं. मग म्हणाली, काका, पीडीएफ नऊ पानांचा होता. सॉरी एका ओळीचं?

आधी दादा होतो.

मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तेवढं लिहितो. ती म्हणाली, मी कशाला म्हणू? तुम्हाला माझी बाल्कनी किती अंशांत आहे ते मोजता येतं. हेही मोजा की.

वर्ग परत सुरू करा म्हणालो, मी सगळ्यांना फोन करतो. ती म्हणाली, केले मी फोन. वेद रविवारी रोबोटिक्सला जातो आता. अजून पाच जण त्याच्याबरोबर. बाकीच्यांच्या आया म्हणाल्या, बघू हं नवीन वर्षात. चिडून नाही हो म्हणाल्या, अगदी प्रेमाने. त्यांना वर्ग का सोडला होता तेच आठवत नाहीये.

माझ्या करंज्या तिने दुसऱ्या डब्यात काढून घेतल्या. स्वतःचा डबा धुऊन, पुसून, वरच्या कपाटात ठेवला. मला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. पावशेर साखर दिली, पिशवीत.

रविवार, १२ ऑक्टोबर

निश्चय: नऊ पानं. कमी नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दीड पान झालं. त्यातलं एक पान कोपऱ्यांबद्दल. खोडलं.

शनिवार, १८ ऑक्टोबर. दुपारी १.००

जमतंय. पान १: काय केलं. पान २: का केलं (मखर, वेद नव्हे). पान ३ वर, ग्रॅनाइट दिसत असूनही चिकटकागद कसा सुचला. पान ४ वर पूर्वी तिचं नाव होतं, तिथे आता माझं. पान ५ डब्याचा प्रवास, तारखांसकट. पान ६ वर्गातली चौदा मुलं. सियाकडून नावं घेतली, प्रत्येकाला काय काय वाचता येत होतं तेही. हे पान सर्वांत अवघड गेलं. दोन मुलांना जोडाक्षरं नुकती यायला लागली होती. पान ७: सोळा सप्टेंबरला मला कळलं, आणि त्यानंतर मी काय काय केलं नाही. होंडा त्यात आहे. पान ८ वर माफी. पान ९ वर जपानी संज्ञांची सूची होती, तिथे काय टाकावं कळेना. कोरं ठेवलं.

सिया मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, पेज सेव्हन इज गुड. बऱ्याच दिवसांनी बोलली.

रविवार, १९ ऑक्टोबर. संध्याकाळी ५.१०

ग्रुपवर टाकलं.

५.१२. कुणीतरी दिवाळीची फिरती पणती पाठवली.

६.००. पणत्या, रांगोळ्या आणि फटाके मिळून ४१. माझा पीडीएफ शोधायला अंगठा बराच वर न्यावा लागतो. दोन जणांनी अंगठा दिला. एक सुवर्णा. दुसरे कुमार, त्यांनी खाली लिहिलं, हॅपी दिवाली टू यू टू धारपसाहेब.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

नेत्राला वेगळा पाठवला होता. आज उत्तर आलं. "पान सहा दोनदा वाचलं. एका मुलाचं चुकलंय, त्याला जोडाक्षरं नाही, अजून वेलांटीच येत होती. बाकी बरोबर. सिद्धेशची ऑस्टिनला बदली झाली, जानेवारीत जातोय. तिथे मंडळ आहे म्हणतात. बघते."

चूक दुरुस्त केली. नवीन प्रत पाठवली. वर्ग काही त्याने सुरू होणार नाही, हे मला माहीत आहे. चूक राहू नये म्हणून.

रविवार, २६ ऑक्टोबर. दुपारी ३.१५

श्रीराम यांचा फोन. फ्रीमाँटला केटरिंग चालवतात, कालच्या मंडळाच्या दिवाळीचं जेवण त्यांचंच होतं. म्हणाले, धारपसाहेब, तुमचा रिपोर्ट वाचला, काय काम केलंय, एकदम डिटेक्टिव्ह!

मी विचारलं, कुठला? ते म्हणाले, तोच हो, डब्याचा, उलटं नाव सुलटं करून वाचलंत तो. मी म्हणालो, तो चुकीचा होता, दुसरा वाचा, गेल्या रविवारी टाकलाय. ते म्हणाले, दुसरा पण आहे का?

मग मुद्द्यावर आले. कुणीतरी निनावी माणूस त्यांच्या श्रीखंडाला एक तारा देतो आहे. तीन आठवड्यांत पाच वेळा, दर वेळी फोटोसकट. कोण ते शोधून द्या, म्हणाले, मी तुम्हाला फुकट नाही राबवणार. आकडा सांगितला.

मी विचारलं, आणि चुकलं तर?

ते म्हणाले, चुकलं तर चुकलं हो. कुणाचं तरी नाव पुढे आलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात.

बोलता बोलता त्यांनी फोटो पाठवलेसुद्धा. मी उघडले. उघडले हे लिहून ठेवतो. दुसऱ्या फोटोत वाटीच्या कडेला खिडकी दिसत होती, खिडकीत समोरच्या घराचं छप्पर, आणि छपरावर सोलरचे पॅनेल. पॅनेल मी मोजले. अकरा. मग फोटो पुसून टाकले.

नाही म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. माझं चुकतं, असं सांगितलं. ते हसले. म्हणाले, काय राव, भाव वाढवताय?

पंधराशे डॉलर देत होते.